ईसीएचएस कार्डावर आप्पांचे उपचार : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझे वडील प्रादेशिक सेनेतून, म्हणजे टीएमधून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आप्पांना मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही आहेत आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे सगळे उपचार माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेतून चालू आहेत. १ एप्रिल २००३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत हुद्द्यानुसार एकदाच वर्गणी भरावी लागते. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तीही माफ आहे.

आधी पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्याच दवाखान्यात, तपासणी, तेथील डॉक्टरांनी दिलेले रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, आणि मग पॅनेलवरील, म्हणजे योजनेशी करार असलेले, रुग्णालय, असा हा क्रम आहे. तो पाळल्यामुळे सोलापुरात आप्पांची अँजिओग्राफी झाली तेव्हा घरून एक रुपयाही भरावा लागला नाही. शहरातील एका रुग्णालयाच्या काउंटरवर आमच्याकडे आगाऊ रक्कम मागितली गेली होती. परंतु रेफरल दाखवून, ही मागणी लेखी द्या, असे शांतपणे सांगताच ती मागे घेण्यात आली. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना जनरल वॉर्ड मिळतो, हे मात्र दाखल होण्यापूर्वीच घरात सर्वांना सांगून ठेवावे.

औषधांबाबत अधिक सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते. आप्पांच्या चिठ्ठीवरील बहुतेक गोळ्या पॉलिक्लिनिकच्या औषध खिडकीवर मिळतात. एखादे औषध साठ्यात नसले तर चिठ्ठीवर ‘एनए’ (उपलब्ध नाही) असा शेरा मारून घ्यावा, औषध बाहेरून घ्यावे आणि मूळ बिल जोडून दावा करावा. हे पैसे नंतर हाती येतात, आणि तोवर पेन्शनमधूनच खर्च भागवताना तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाची फार ओढाताण होते. इन्सुलिनची काळजी तर वेगळीच. मोहोळ किंवा मंगळवेढ्याकडून एसटीने येणाऱ्यांनी उन्हाळ्यात बर्फाची पिशवी असलेला डबा सोबत आणावा, मात्र इन्सुलिन बर्फाला थेट लागू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही.

रात्री-अपरात्री छातीत दुखू लागले तर रेफरलची वाट पाहू नये. जवळचे रुग्णालय पॅनेलवर नसले तरी तेथे दाखल करावे आणि ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. प्रतिपूर्ती योजनेच्या ठरलेल्या दरानेच होते, त्यामुळे वरचा फरक आपल्याला सोसावा लागतो.

योजनेबद्दल माझे मत चांगले आहे, तरी एक गोष्ट मनाला टोचत राहते. प्रादेशिक सेनेतील जवान आपला पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून, बोलावणे आले की गणवेश चढवतो आणि सीमेवरही तैनात होतो. परंतु बोलावून घेतलेल्या प्रत्यक्ष सेवेची १५ वर्षे भरल्याशिवाय त्याला सेवा पेन्शन लागू होत नाही, आणि ईसीएचएसचे सभासदत्व पेन्शनशी जोडलेले आहे. आप्पांची ती वर्षे भरली. त्यांच्याबरोबर पहारा दिलेल्या काहींची भरली नाहीत, आणि आज त्याच मधुमेहाची औषधे ते पदरच्या पैशांनी घेतात. निदान तैनातीच्या काळात जडलेल्या दुखण्यांसाठी तरी या माणसांना पॉलिक्लिनिकची दारे उघडी व्हायला हवीत. अशा सेवेत अपंगत्व आलेल्यांना अपंगत्व पेन्शन मिळू शकते आणि त्या आधारे कार्डही. म्हणून ज्यांच्या घरी डिस्चार्ज बुक (सेवेतून मुक्त होताना मिळालेले सेवापुस्तक) आणि वैद्यकीय मंडळाचे कागद पडून असतील, त्यांनी ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अवश्य चौकशी करावी.