'करुइझावा २००३' कुणी पाजायला लागला तर ग्लास ठेवा आणि उठा

आधीच सांगतो, हे लिहायची लाज वाटतेय. बायको म्हणाली, कशाला चारचौघांत स्वतःची शोभा करून घेतोस. पण मला महागड्या जपानी व्हिस्कीच्या नावाखाली नकली माल पाजणारा माणूस टोकियोतल्या निशी-कासाईच्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर अजून आहे, उद्या तुमच्यातलाच कुणीतरी जाईल, म्हणून लिहितोय.

१,३६,००० येन गेले. व्हिस्कीच्या टेस्टिंगचे (थोडी थोडी चाखण्याचे) ३५,०००, 'सीट चार्ज' ३,००० (हा खुर्चीत बसल्यावर कळला) आणि हिबिकी २१ या व्हिस्कीच्या बाटलीचे (आकडा म्हणजे किती वर्षं मुरवली ते) ९८,०००. सगळे रोख, कारण कार्डचं मशीन नेमकं त्याच दिवशी बंद. तेव्हाच उठायला हवं होतं, पण टोकियोत रोखीवाले बार असतातच, मी काही अगदीच बावळट नाही, अकरा वर्षं काढलीत इथे.

शिंजुकूतल्या एका बिल्डिंगचा चौथा मजला, सहा खुर्च्या, मंद दिवे, अस्खलित इंग्रजी बोलणारा 'कलेक्टर'. पाच ग्लास, प्रत्येकी १५ एमएल: यामाझाकी १८, हाकुशू १८, हिबिकी १७, योइची २० आणि शेवटी करुइझावा. एका एमएलला ४६७ येन पडले, हा हिशोब मी घरी येऊन केला, आधी नाही.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगतो. करुइझावा ही बंद पडलेली व्हिस्कीची भट्टी. तिच्या बाटलीवर लिहिलं होतं, गाळल्याचं साल २००३. अहो, तिथे दारू गाळणं २००० सालीच थांबलं! हे मला माहीत होतं. दोनच महिन्यांपूर्वी ऑफिसात जेवताना हेच ज्ञान मी सगळ्यांना पाजळलं होतं, की म्हणूनच ती एवढी महाग, आता नवी येणारच नाही. आणि तिथे समोर २००३ दिसतंय आणि मी मान डोलावतोय! मनात म्हटलं, बाटलीत भरल्याचं साल असेल. शेजारचा एक जण डोळे मिटून 'आहा' म्हणाला, मग मीही म्हणालो. पाचही ग्लास थोड्याफार फरकानं सारखेच लागत होते, तर मला वाटलं आपलीच जीभ अडाणी. वाईट लागली असती तर संशय तरी आला असता, सपक गोड होती नुसती. माझा अंदाज, सुपरमार्केटात चार लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळते त्यातलीच. आणि 'मागच्या वर्षी उघडली' म्हणाला त्या पाचही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या!! रिकाम्या बाटल्या इथे सेकंडहँड ॲपवर खोक्यासकट हजारो येनला विकल्या जातात, त्या काय शोकेसमध्ये ठेवायला घेतात का लोक?

बाटली का घेतली म्हणाल, तर मेहुण्याची पन्नाशी होती. हिबिकी २१ ची छापील किंमत एप्रिल २०२४ मध्ये ३२,००० वरून ५५,००० झाली, पण त्या भावात घ्यायची तर दुकानाच्या लॉटरीत नाव लागावं लागतं, माझं चार वेळा लागलं नाही. त्या 'कलेक्टर'नं १,२०,००० सांगून 'तुमच्यासाठी' ९८,००० केले. मेहुण्यानं घरी आल्यावर लेबलवरून बोट फिरवलं आणि गप्पच झाला. खरं लेबल वाशी म्हणजे जपानी हातकागदाचं, हाताला तंतू लागतात. हे लग्नपत्रिकेसारखं गुळगुळीत, एक कोपरा उचललेला, आणि बुचाखाली गोंद. काही बोलला नाही बिचारा, तेच जास्त लागलं.

मग कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत गेलो. पोलीस अतिशय नम्र, वाकून वाकून नमस्कार, आणि मदत शून्य. "देवघेवीचा खाजगी मामला आहे, आम्ही पडू शकत नाही." मी म्हटलं नकली माल विकलाय. "कशावरून नकली?" चवीवरून. "प्यायलात का?" हो. "सगळी?" मग एकानं गंभीर चेहऱ्यानं हे लिहून घेतलं. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं, माझ्या मोडक्या जपानीत. बाईंनी विचारलं पावतीवर काय लिहिलंय. पावतीवर लिहिलंय 'वस्तूंचे पैसे', बस. व्हिस्कीचं नाव नाही, वय नाही, बाटली नाही. मग म्हणाल्या बारच्या मालकाशी शांतपणे बोलून बघा. बोललो की! तो म्हणे खोली त्या रात्रीपुरती भाड्यानं दिली होती. पुन्हा कोबान, तर दुसरा पोलीस, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी, पुन्हा "प्यायलात का?" तीन वेळा अर्धी सुट्टी टाकून मी हेच ऐकत बसलो, माणूस फसवला गेल्यावर गुन्हेगार फसलेलाच का वाटतो यांना?

पावतीवर व्हिस्कीचं पूर्ण नाव आणि वय लिहून घ्या, लिहीत नसेल तर पैसे देऊ नका. बाटली तुमच्यासमोर फोडत नसेल तर पिऊ नका. रिकाम्या बाटल्या स्वतःही विकू नका, प्लीज, लेबल फाडून टाका.

काल ग्रुपवर नवी पोस्ट आलीय, 'शेवटच्या २ जागा'. फोटोत तेच टेबल, आणि तीच करुइझावा, पुन्हा गळ्यापर्यंत भरलेली.