दुर्गम केंद्रातल्या डॉक्टरांसाठी ऑनलाइन केस-चर्चा : पाचपैकी चार तारे

दूरच्या, एकट्या आरोग्यकेंद्रांतल्या लोकांसाठी आठवड्यातून एकदा व्हिडिओवर केस-चर्चा घेणाऱ्या एका सेवेत मी बऱ्याच काळापासून आहे. पद्धत प्रोजेक्ट इकोची. आधी छोटं व्याख्यान, मग आमच्यातलं कुणीतरी आपला पेशंट मांडतं, ओळख न सांगता. आमच्याकडे प्रश्न आधी इतर केंद्रांतल्या डॉक्टर-नर्स विचारतात, तज्ज्ञ नंतर बोलतात. हा क्रम मला फार आवडतो.

मूळ इको 2003 मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी सुरू केला, कारण हेपटायटिस सीच्या पेशंटना त्यांच्याकडे नंबर लागायला महिनोन्‌महिने लागत. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये 57.5 टक्के, तर इकोशी जोडलेल्या लहान केंद्रांत आणि तुरुंगांत 58.2 टक्के पेशंट विषाणूमुक्त झाले. हे वाचून मी नाव नोंदवलं. कामाला आलं ते वेगळंच.

टीबीची औषधं चालू असलेल्या एका बाईंना उलट्या सुरू झाल्या, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या तिपटीवर. औषधं थांबवायची, एवढं कुणालाही ठाऊक असतं. पण पुन्हा कधी सुरू करायची, आधी कुठलं, किती दिवसांनी रक्त तपासायचं? शेजारच्या खोलीत विचारायला सीनियर नसला की हात आखडतो आणि पेशंटला पुढे पाठवलं जातं. इथे सगळा क्रम बोलून ठरला. पुढच्या चर्चेत तिथल्या मंडळींनीच आठवणीने विचारलं, “त्या बाईंचं काय झालं?” बदलीचा अर्ज मनात घोळत असताना असं कुणी विचारणं पगारवाढीइतकं नाही, पण बरंच काही असतं.

तारा कापला तो वेळेसाठी. ऐन ओपीडीत चर्चा ठेवतात आणि बाहेर रांग असताना मी एका कानात इअरफोन घालून बसते. काही तज्ज्ञ अजूनही सहज “एमआरआय करून घ्या” म्हणतात. (कुठे?) रात्रीच्या इमर्जन्सीला या सेवेचा उपयोग नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

सेवा विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र एक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनात कर्मचारी टिकवण्यासाठी 17 शिफारशी आहेत. ग्रामीण भागातल्या मुलांना वैद्यकीय प्रवेश, राहायला धड घर, सुरक्षितता, भत्ते, बढतीची वाट, आणि त्यांतच टेलिहेल्थ, म्हणजे फोन-व्हिडिओवरून आरोग्यसेवा. त्या एकमेकींच्या जोडीने राबवायच्या आहेत. क्वार्टरचं छत गळत असेल तर लॉगिन देऊन कुणी थांबणार नाही.

घेणार असाल तर नर्सचंही वेगळं लॉगिन मागा, नेट कच्चं असेल तर व्हिडिओ बंद ठेवा, आणि केसचा फॉर्म आदल्या दिवशीच पाठवा. उशिरा आलेली केस आमच्याकडे पुढच्या आठवड्यावर जाते.