खोकं वाचलं, मॅन्युअल राहिलं: बी६५० बोर्डचे नऊ महिने

माझ्या संगणकाच्या जुन्या बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर पाच वर्षं बिनतक्रार चालला. मग एक रॅम स्लॉट गेला आणि पंधरवड्यात त्याला लागून असलेला दुसराही. उरलेले दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वाटांपैकी एकच चालू. दोन बैलांची गाडी एकावर आली की जे होतं तेच झालं. गेम सुरू व्हायचे, पण गर्दीच्या प्रसंगात फ्रेम अशा अडखळायच्या की नेम धरेपर्यंत आपणच मेलेलो असायचो.

त्यामुळे बोर्ड बदलणं ही हौस नव्हती. प्रश्न एवढाच होता की, तोच एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) दुसरा बोर्ड घेऊन त्यावर ५७००एक्सथ्रीडी प्रोसेसर बसवायचा आणि जुनी रॅम वापरायची, की एएम५ वर जाऊन सगळंच नवं घ्यायचं. फक्त गेमपुरतं बघाल तर पहिला मार्ग आजही शहाणपणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी दुसरा घेतला, कारण एएम४ ची वाट तिथेच संपते. एएम५ सॉकेट २०२२ साली रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरबरोबर आला, २०२४ मधली ९००० मालिकाही त्याच बोर्डवर बसते आणि किमान २०२७ पर्यंत हा सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. पण एएम५ फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम घेतो, म्हणजे जुन्या रॅमला रामराम.

शेवटी ७८००एक्सथ्रीडी प्रोसेसर, रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन पट्ट्या आणि मायक्रो-एटीएक्स या छोट्या आकाराचा मधल्या दर्जाचा बी६५० बोर्ड असा संच झाला. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. पुढे ज्या तक्रारी येतील त्यातल्या बऱ्याच माझ्या आळशीपणाच्या आहेत.

बोर्ड निवडताना सर्वांत जास्त वेळ मी व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डवरच्या सर्किटवर, घालवला आणि तोच सर्वांत वाया गेला. किती फेज (त्या सर्किटचे वीज वाटून घेणारे भाग), किती अँपिअर, हीटसिंक केवढा, यावर रात्री जागवल्या. ७८००एक्सथ्रीडीचा टीडीपी (कूलर निवडायला कंपनी देते तो उष्णतेचा आकडा) १२० वॅट आणि बोर्डकडून ओढायची मर्यादा १६२ वॅट. पण गेममध्ये माझ्याकडे आकडा साठ-सत्तर वॅटच्या आसपासच फिरतो. व्हीआरएमचं तापमान भर उन्हाळ्यातही साठीच्या आतच राहिलं. सोळा कोरचा प्रोसेसर घेऊन तासन् तास व्हिडिओ रेंडर करणाऱ्याने फेज जरूर मोजाव्यात. एक्सथ्रीडीवर गेम खेळणाऱ्याने मधल्या दर्जाच्या बोर्डवर समाधान मानावं. काही महागड्या बोर्डांवरचं ते भलंमोठं धातूचं चिलखत खोलून पाहिलं तर आत निम्मं प्लास्टिक निघतं. मोठं घर, पोकळ वासा.

एक्स६७० या वरच्या चिपसेटच्या (चिपसेट म्हणजे बोर्डवरचे बरेचसे पोर्ट सांभाळणारी चिप) बोर्डचा मोहही झाला होता. मग कळलं की त्यात बी६५० मधलीच चिप दोनदा बसवलेली असते. म्हणजे जास्तीचे पैसे पोर्ट आणि लेनसाठी (माहिती वाहून नेणाऱ्या वाटांसाठी) जातात, वेगासाठी नाही. एकाच ग्राफिक्स कार्डवाल्याला त्यातून एक फ्रेमही वाढून मिळत नाही.

जोडणीच्या दिवशी दोन दणके बसले. पहिला कूलरचा. जुना टॉवर कूलर स्वतःच्या बॅकप्लेटवर (बोर्डमागून आधार देणाऱ्या पट्टीवर) बसणारा होता आणि एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटचाच भाग असल्याने काढता येत नाही. जे कूलर एएम४ च्या मूळ बॅकप्लेटच्या स्क्रूवर बसतात, ते इथे बहुधा चालतात. माझा त्यातला नव्हता. दुसरा दणका पहिल्यांदा चालू करताना. पंखे फिरले, रॅमसमोरचा पिवळा दिवा लागला आणि स्क्रीन काळीच. दोन मिनिटं वाट पाहिली, बंद केलं. परत चालू, परत पिवळा दिवा, परत बंद. तिसऱ्या वेळी हताश होऊन तसंच सोडलं आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तर बायोस, म्हणजे बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरची स्क्रीन, समोर. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःचं ट्रेनिंग करते, म्हणजे प्रोसेसरशी जुळवणी करून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, आणि मी दर वेळी मधेच तोडून त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो. पुढेही रोज सुरू व्हायला पाऊण मिनिट लागायचं. बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हा आधीचं ट्रेनिंग लक्षात ठेवणारा पर्याय चालू केल्यावर ते निम्म्याहून खाली आलं.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. चौथ्या महिन्यात तिसरा एनव्हीएमई एसएसडी घेतला. बोर्डवर असे एसएसडी बसवायचे तीन एम.२ स्लॉट असल्याचं खोक्यावर ठसठशीत छापलं होतं. तिसऱ्यात बसवला, विंडोजने लगेच ओळखला, आनंदीआनंद. पण जुनी हार्ड डिस्क गायब. तिच्यात पाच वर्षांची गेमची रेकॉर्डिंग होती. केबल बदलली, पॉवरचा प्लग बदलला, कान लावून ती फिरते का ऐकलं. फिरत होती. तरी बायोसमध्ये नाव नाही. रात्रीपर्यंत तिला श्रद्धांजली वाहून झाली होती. झोपण्याआधी सहज म्हणून मॅन्युअल उघडलं, तर एम.२ च्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ: तिसरा एम.२ वापरल्यास साटा ३ आणि ४ (हार्ड डिस्कच्या केबलचे पोर्ट) बंद होतील. प्लग काढून साटा १ मध्ये घातला, डिस्क जिवंत.

हे काही त्या कंपनीचं पाप नाही. प्रोसेसरकडे वापरायला २४ लेन असतात. १६ ग्राफिक्स कार्डला जातात, उरलेल्या एम.२ आणि इतर जोडण्यांत वाटल्या जातात. बाकीचं सगळं चिपसेटवर, आणि तो स्वतः प्रोसेसरला चारच लेनने जोडलेला. त्यामुळे कुठे ना कुठे एकाचं काढून दुसऱ्याला द्यावं लागतंच. कोणाचं काढलं, हे प्रत्येक बोर्डवर वेगळं असतं. कुठे साटा जातात, कुठे खालचा लांब स्लॉट. मॅन्युअल बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. विकत घेण्याआधी त्यातला ब्लॉक डायग्राम आणि एम.२ चं पान वाचायला मला दहा मिनिटं लागली असती. मी फेज मोजत बसलो होतो.

त्याच पुस्तिकेत रॅमचा तक्ताही होता. तोही वाचला नाही आणि सहाव्या महिन्यात हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. ३२ जीबी पुरेना, म्हणून अगदी तशाच आणखी दोन पट्ट्या आणल्या. चार पट्ट्यांवर ६००० चा वेग धरेचना. ७००० मालिकेच्या प्रोसेसरवर चार पट्ट्यांसाठी अधिकृत वेग ३६०० आहे, आणि माझं यंत्र स्थिर झालं तेही तिथेच. शेवटी दोन पट्ट्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. ६४ जीबी लागणार असतील तर पहिल्याच दिवशी ३२ च्या दोन घ्या आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. हे बोर्ड चार स्लॉटचे विकतात खरे, पण डीडीआर५ साठी ते दोनचेच समजावेत.

वेगाबद्दल एक कबुली. सातव्या महिन्यात बायोस अपडेट केलं, त्यात एक्स्पो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) बंद झालं आणि रॅम ४८०० वर घसरली. मला ते कळलं तीन आठवड्यांनी, तेही दुसरंच काहीतरी बघताना. या प्रोसेसरच्या ९६ एमबी एल३ कॅशमुळे (त्याच्या आतल्या झटपट मेमरीमुळे) रॅमचा वेग कमी झाला तरी तो बराच सांभाळून घेतो. ६००० च्या वर जायला जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अपडेट मात्र टाळू नका. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही एक्सथ्रीडी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे प्रकार पुढे आले, आणि त्यानंतर आलेल्या बायोसने प्रोसेसरमधल्या एसओसी या भागाचा व्होल्टेज १.३ व्होल्टवर रोखला. वापरलेला बोर्ड घेत असाल तर आधी बायोसची तारीख बघा. मागे फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तम, प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस चढतो.

मागच्या बाजूला आठ यूएसबी, त्यातले चार जुन्या २.० चे. या चारांकडे पाहून मी नाक मुरडलं होतं. मग वायरलेस माउस झटके खाऊ लागला. त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये होता आणि शेजारी बाहेरची डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घुसतो, आणि माउसही तिथेच बोलतो. रिसीव्हर २.० मध्ये हलवला, झटके संपले. आता ते चारही पोर्ट भरलेले आहेत.

पंख्यांबद्दल: हा प्रोसेसर एका क्षणात दहा-पंधरा अंश चढतो आणि तितक्याच वेगाने उतरतो, त्यामुळे पंखे सारखे उसासे टाकायचे. बायोसमध्ये पंख्याचा वेग वाढण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय आहे, ती लावली आणि खोली शांत झाली. आवाजाची चिप साधी आहे, मला फरक कळत नाही. अडीच गिगाबिटचा लॅन पोर्ट आहे, पण राउटर एकचा, त्यामुळे शोभेला.

मायक्रो-एटीएक्सचा तोटा असा की जाड ग्राफिक्स कार्ड लावल्यावर त्याखालचा स्लॉट, सीमॉसची बॅटरी (बायोसची सेटिंग टिकवणारी) आणि कार्डचा खटका सगळं झाकलं जातं. तो खटका दाबायला मी बांबूची काडी वापरतो. नव्या बोर्डांवर बटण दाबून कार्ड सोडवायची सोय येऊ लागली आहे. पुढच्या वेळी आरजीबी दिव्यांपेक्षा तिला मान.

विंडोजचा परवाना बोर्डशी बांधलेला असतो. मी आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेवला होता, म्हणून हार्डवेअर बदलल्याचं सांगून दोन मिनिटांत तो परत चालू झाला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून मगच जुना बोर्ड काढा.

एक दुखणं अजून सुटलेलं नाही. स्लीपमधून उठताना आठ-दहा वेळांत एकदा स्क्रीन काळीच राहते आणि बटण दाबून बंद करावं लागतं. तीन बायोस बदलून पाहिले, कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद करून पाहिला, फरक नाही. आता स्लीप वापरतच नाही, खुर्चीतून उठताना संगणक सरळ बंद करतो.