यंत्रही त्याचंच, कच्चा मालही त्याचाच, गिऱ्हाईकही तोच

आमच्या बचत गटाच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. अगरबत्तीची दोन यंत्रं समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडून आहेत. मी गटाची सचिव. यंत्रं घ्यायचा ठराव इतिवृत्त वहीत माझ्याच अक्षरात आहे, म्हणून हे मीच लिहायला हवं.

लातूर जिल्ह्यातलं आमचं कोरडवाहू गाव. सोयाबीन निघालं की बाईच्या हाताला काम राहत नाही. गटात आम्ही अकरा जणी. बचत गटांसाठीच्या सरकारच्या उमेद अभियानात नोंद, दर आठवड्याला बैठक, बचत वेळेवर, घेतलेलं कर्ज वेळेवर परत. फसतो तो अडाणी, असं लोक धरून चालतात. आमचे हिशेब चोख होते म्हणूनच यंत्रं विकणारा तो माणूस आमच्या दारात आला, कारण बँक कर्ज देते ते चोख गटालाच. गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो आमच्यापेक्षा त्याला जास्त पाठ होता.

"ताई, तुम्ही फक्त बनवायचं. विकायची काळजी आमच्यावर सोडा." पहिल्या बैठकीतच त्याने हे चार वेळा म्हटलं. सोबत वर्तमानपत्रांची कात्रणं होती. परदेशी अगरबत्तीच्या आयातीवर 2019 मध्ये सरकारने निर्बंध घातले, 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क 25 टक्के केलं, आता देशात मालाचा तुटवडा पडणार, असं त्याचं म्हणणं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी नंतर तपासल्या. त्या खऱ्या निघतात म्हणून त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसला.

एका यंत्राचे 1,40,000, दोन यंत्रांचे 2,80,000. बँकेतून 3 लाख घेतले आणि यंत्रांचे पैसे थेट त्याच्या खात्यावर गेले. शिवाय 'अनुदानाची फाइल' करायला प्रत्येकीकडून हजार रुपये रोख घेतले. पावती मागितली तर म्हणाला, मंजुरीच्या पत्रासोबत मिळेल. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान आहे, हे खरं. पण त्याचा अर्ज ऑनलाइन असतो, त्याला शुल्क नाही आणि ते नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगालाच मिळतं. आमची यंत्रं तर आधीच खरेदी झाली होती. कसली फाइल आणि कसलं अनुदान!

पहिले चार क्विंटल त्याने वेळेवर उचलले. किलोला 85 रुपये, एकूण 34,000, आठ दिवसांत खात्यावर जमा. त्या दिवशी आमच्या एका मावशींनी पासबुक दोन्ही हातांत धरून तो आकडा बोटाने पुन्हा पुन्हा वाचला होता. हे लिहिताना माझे डोळे भरून येतात. ते पैसे आमचेच होते, आमच्याच 2,80,000 मधून परत आलेले.

दुसरा माल गेला पावसाळ्यात. तो सगळा परत आला. 'ओलावा जास्त.' आम्ही घरात दोऱ्या बांधून, पंख्याखाली चटया अंथरून पुन्हा वाळवला. मग 'जाडी कमी-जास्त.' तिसऱ्या वेळी फोनच लागेना. माल विकत घेण्याचा त्याच्याशी केलेला करार पुन्हा काढून वाचला. सातवं कलम असं होतं: 'गुणवत्ता तपासणीत उत्तीर्ण झालेला मालच खरेदी केला जाईल.' तपासणी कोण करणार, ओलावा किती टक्के चालेल, माल नाकारला तर नुकसान कोणाचं, यावर एक अक्षर नाही. सही करण्याआधी हे कलम मी मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. गुणवत्ता हवी, यात वाईट काय दिसणार?

एक हिशेब मात्र आम्ही आधीच करायला हवा होता. पावडर त्याच्याकडूनच 42 रुपये किलो, काड्या 120 रुपये किलो. एक किलो मालाला 700 ग्रॅम पावडर आणि 300 ग्रॅम काड्या धरल्या तर नुसता कच्चा माल 65 रुपयांना पडतो. वीज आणि मजुरी वेगळी. नंतर माल खपवायला लातूरच्या बाजारात फिरलो, तर व्यापारी तयार कच्च्या, म्हणजे सुगंध न लावलेल्या, अगरबत्तीला किलोमागे 60 च्या वर जायला तयार नव्हते. जी वस्तू बाजारात 60 ला मिळते ती कोणी 85 ला का घेईल? एसटीचं तिकीट काढून हा प्रश्न आम्ही आधी एका दुकानदाराला विचारला असता, तर बस्स होतं.

पोलीस ठाण्यात आधी 'हा दिवाणी वाद आहे' असं ऐकावं लागलं. आम्ही अकराही जणी गेलो, लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आता चौकशी चालू आहे.

तुमच्या गटाकडे असा कोणी आला तर त्याचा कागद घेऊन आधी उमेदच्या तालुका अभियान व्यवस्थापन कक्षात जा, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाच्या, बैठकीत ठेवा. कोणी प्रशिक्षणाचे पैसे मागत असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत विचारा. तिथे राहण्या-जेवणासह शिकवतात आणि एक रुपयाही घेत नाहीत. यंत्र विकणारा आणि माल घेणारा एकच असेल, तर दुसरं गिऱ्हाईक स्वतः शोधून, त्याच्या तोंडून भाव ऐकल्याशिवाय ठराव लिहू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि संशय आला, तर लाज न बाळगता त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आम्ही लाजेपोटी दोन महिने गप्प बसलो.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावातल्या एका गटाच्या ताई आमची यंत्रं बघायला आल्या. पिशवीतून त्यांनी त्यांचा करार काढला. मी सरळ सातवं कलम उघडलं. तेच शब्द, अगरबत्तीच्या जागी फक्त कापसाच्या वाती. खाली सहीची जागा अजून कोरी होती.