संदर्भ बायबल घेण्याआधी १ शमुवेल ८ उघडून बघा

मंडळीतल्या तरुणांचा अभ्यासवर्ग मी घेते आणि यंदा आमचा विषय आहे देवाचं राजेपण. त्यासाठी दोन स्तंभांच्या मधल्या पट्टीत संदर्भ आणि खाली टीपा असलेलं संदर्भ बायबल घेतलं. बरेच महिने रोज हाताळून झालं, म्हणून हे लिहिते आहे. बांधणी भक्कम आहे, पान उघडं राहतं. कागद मात्र पातळ आहे. पेनची शाई मागच्या पानावर उमटते, पेन्सिलच वापरा.

संदर्भ बायबलची खरी परीक्षा १ शमुवेल ८ मध्ये, म्हणजे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात होते. इस्राएलाचे वडीलधारे शमुवेल संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, इतर राष्ट्रांसारखा आम्हांला राजा नेमून दे. शमुवेलाला वाईट वाटतं, पण परमेश्वर त्याला सांगतो की लोकांनी तुला नाही, मला राजा म्हणून नाकारलं आहे. या ओवीशेजारची पट्टी वाचकाला थेट शास्ते या पुस्तकातल्या ८:२३ वर (अध्याय ८, ओवी २३) नेते. तिथे लोकांचा पुढारी गिदोन राजपद नाकारतो: मी नाही, माझा मुलगाही नाही, परमेश्वरच तुमच्यावर सत्ता चालवील. तिथून पुढे निर्गम १५:१८, म्हणजे समुद्र ओलांडल्यावरचं गीत, जिथे परमेश्वर युगानुयुग राज्य करील असं लोक गातात. इस्राएलात माणूस राजा होण्याच्या कितीतरी आधी हे गाऊन झालेलं होतं! वर्गात हे तीन संदर्भ एकापाठोपाठ वाचले आणि मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात आवडली ती अनुवाद या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायाची टीप. राजाने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंरुपं साठवू नये आणि नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती आयुष्यभर वाचावी, असा तिथला नियम. टीप या नियमाशेजारी १ राजे १० आणि ११ ठेवते. शलमोन राजाचे १,४०० रथ, १२,००० स्वार, वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. कुठलीही टिप्पणी नाही, फक्त आकडे. राजा हा देवाच्या हाताखालचा माणूस, आणि त्याचं माप कशाने घ्यायचं, हे इतकं स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्या टीपेत वाचलेलं नाही.

स्तोत्रसंहितेत मात्र निराशा झाली. ९३ आणि ९६ ते ९९ ही स्तोत्रं परमेश्वराच्या राजेपणाची. प्रत्येकाला सुटी, गोड टीप दिली आहे. पण ८९ वं स्तोत्र दाविदाचं सिंहासन धुळीला मिळाल्याच्या आक्रोशाने संपतं आणि त्यानंतर थोड्याच पानांवर ‘परमेश्वर राज्य करतो’ हा घोष सुरू होतो, याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते ही स्तोत्रं वाचण्याची किल्लीच तिथे आहे.

दानीएल ७ मधल्या मानवपुत्राच्या दर्शनावरून मार्क १४:६२ मधल्या येशूच्या उत्तराकडे जाणारा संदर्भ चोख आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पुन्हा घोटाळा. ‘माझं राज्य या जगाचं नाही’ या येशूच्या वचनाखाली टीपेने राज्याला मनाच्या आत नेऊन ठेवलं आहे. त्याच ओवीत येशू सेवकांनी लढण्याची गोष्ट काढतो. प्रश्न सत्ता कुठून येते आणि कशाच्या जोरावर टिकते, हा आहे. आणि प्रकटीकरण ११:१५ मध्ये तर जगाचं राज्य प्रभूचं झालं असं जाहीर होतं. योहान १९:१५ मध्ये मुख्य याजक ओरडतात की कैसरावाचून (रोमी सम्राटावाचून) आम्हांला राजा नाही. ही ओवी १ शमुवेल ८ ला जोडलेली नाही, हे मला फार खटकलं. तो संदर्भ मी स्वतः पट्टीत लिहून घेतला.

प्रकटीकरण ५ ची टीप पुन्हा उत्तम. यहूदा वंशाच्या सिंहाची घोषणा होते, योहान बघतो तर वधलेला कोकरा उभा. टीप इथे घाई करत नाही. सिंहासनावरची सत्ता आणि ती जखम सोबत ठेवते.

अभ्यासवर्ग घेणाऱ्यांनी हे जरूर घ्यावं, जुन्या कराराच्या संदर्भांसाठी तर नक्कीच. पट्टीतला टाइप बारीक आहे, तेव्हा चष्मा असणाऱ्यांनी मोठ्या अक्षरांची आवृत्ती मागून घ्यावी. योहानाच्या टीपा वाचण्याआधी आपला अध्याय आधी पूर्ण वाचून काढावा.