अलोकेटरमधला लॉकचा गुंता: लॉकडेप, विटनेस की क्रॅश डम्प?

कर्नलच्या मेमरी अलोकेटरमध्ये, म्हणजे मागेल त्याला मेमरी वाटून देणाऱ्या भागात, लॉक उलटसुलट क्रमाने घेतले जात असल्याची शंका आली, की मुख्यतः तीन मार्ग समोर असतात. चालत्या कर्नलवर क्रम तपासणारी यंत्रणा बसवायची, गोठलेल्या मशीनचा डम्प (मेमरीची जतन केलेली प्रत) उघडायचा, किंवा कोड न चालवताच तपासायचा. लिनक्सवर काम करत असाल तर माझं मत आधीच सांगतो: लॉकडेपपासून, म्हणजे लॉकचा क्रम तपासणाऱ्या तिथल्या यंत्रणेपासून, सुरुवात करा. त्याची नजर कुठे पोचत नाही हे मात्र ठाऊक हवं, कारण अलोकेटरच्या बाबतीत नेमक्या तिथेच माणसं फसतात.

अलोकेटर अवघड का, तर त्याला कर्नलमधलं कोणीही, हातात कुठलाही लॉक धरून हाक मारतं. आणि मेमरी कमी पडली की तो स्वतःच रिक्लेमच्या (वापरातली मेमरी परत मिळवण्याच्या) वाटेने फाइलसिस्टिमच्या आणि ड्रायव्हरच्या कोडमध्ये शिरतो. म्हणजे एकाच साखळीत तो खालीही असतो आणि वरही.

लॉकडेप २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत आलं, इंगो मोल्नारच्या हातून. त्याची खरी ताकद अशी की डेडलॉक (दोघांनी एकमेकांच्या लॉकची वाट पाहत कायमचं अडकणं) प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. एका थ्रेडने कधीतरी आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ घेतला, दुसऱ्याने तासाभराने उलट क्रमाने घेतले, तरी पुरे. दोन्ही वाटा एकदा चालल्या की इशारा येतो. डीबग बिल्ड हळू चालतं, त्यामुळे चूक गायब होईल अशी भीती रेस शोधताना रास्त असते. इथे वेळ जुळून यावी लागत नसल्याने ती फारशी लागू पडत नाही. शिवाय लॉकडेप प्रत्येक लॉक सुटा न धरता लॉकचे वर्ग धरतं, त्यामुळे हजारो स्लॅब कॅशचे (ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या साठ्यांचे) लॉक असले तरी क्रमाचा आलेख आवाक्यात राहतो.

अलोकेटरसाठी यातला सर्वात मोलाचा भाग म्हणजे एफएस_रिक्लेम हा खोटा लॉक. रिक्लेमची मुभा असलेली प्रत्येक मागणी हा लॉक घेऊन लगेच सोडल्याची नोंद करते, मेमरी भरपूर मोकळी असली तरीही. दुसरीकडे केस्वॅपडी (मागे राहून मेमरी मोकळी करणारा कर्नल थ्रेड) किंवा डायरेक्ट रिक्लेम (मागणाऱ्यानेच ती मोकळी करणं) चालू असताना तो धरलेला असतो. मग फाइलसिस्टिमने आपला लॉक हातात ठेवून जीएफपी_कर्नलने (रिक्लेमची मुभा देणाऱ्या खुणेने) मेमरी मागितली आणि तिचा श्रिंकर (रिक्लेमने हाक मारली की तिची कॅश कमी करणारा कोड) तोच लॉक घेत असेल, तर वर्तुळ कागदावरच पकडलं जातं. उपाय बहुधा जीएफपी_नोएफएस किंवा मेमअलोक_नोएफएस_सेव्हचा, म्हणजे रिक्लेमला फाइलसिस्टिममध्ये शिरू न देण्याचा. अट एवढीच, की श्रिंकरची बाजू निदान एकदा रिक्लेममधून चाललेली हवी. टेस्ट मशीनला भरपूर रॅम देऊन ‘इशारा आला नाही’ म्हणणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं. केस्वॅपडीला जाग येईल एवढा मेमरीचा ताण मुद्दाम द्यावा, आणि चुका हाताळणाऱ्या वाटाही चालाव्यात म्हणून फेलस्लॅबने मागण्या अधूनमधून नापास कराव्यात.

आता उणिवा. पहिला इशारा दिला की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं. म्हणून बूटच्या वेळी एखाद्या भलत्याच ड्रायव्हरचा इशारा येऊन गेला असेल, तर पुढे तुमच्या अलोकेटरकडे कोणी बघतच नाही. लॉगमधला पहिला इशारा आधी मिटवणं हा इथे सोपस्कार नाही, पूर्वअट आहे. दुसरं, बिटवर चालणारा पेज लॉक त्याला दिसत नाही. कम्प्लिशनसारख्या, एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सोडवायचं अशा गोष्टींसाठी क्रॉस-रिलीज नावाची जोड ४.१४ मध्ये आली होती. खोट्या इशाऱ्यांच्या तक्रारींमुळे ४.१५ मध्ये ती काढून टाकली.

अशा न दिसणाऱ्या ठिकाणी डम्पला पर्याय नाही. मशीन गोठलंच असेल तर हंग टास्कचा (फार वेळ अडकलेल्या टास्कचा) इशारा मुळातल्या सेटिंगनुसार १२० सेकंदांनी येतो, सॉफ्ट लॉकअपचा (सीपीयू न सोडणाऱ्या कोडचा) साधारण २० सेकंदांनी. सिसआरक्यूचं (कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या कळीचं) ‘डब्ल्यू’ अडकलेली टास्क दाखवतं. ‘डी’ धरलेले सगळे लॉक दाखवतं, पण लॉकडेप बिल्डमध्ये असेल तरच. नाहीतर केडम्पने डम्प घेऊन स्टॅक एकेक करून वाचायचे. हा मार्ग ग्राहकाकडे चालू असलेल्या कर्नलला परवडतो, लॉकडेप तिथे परवडत नाही. पण डम्प फक्त घडून गेलेला अडथळा सांगतो, घडू शकणारा नाही.

दोन्हींतला फरक दिसण्यासाठी एक जुनं दुखणं पाहा. पेज अलोकेटरने झोन लॉक (मोकळ्या पेजांच्या याद्या सांभाळणारा) धरलेला असताना कोणीतरी प्रिंटके केला, म्हणजे कर्नलमधून संदेश छापला. तो कन्सोलच्या लॉककडे गेला. इकडे टीटीवायचा (टर्मिनलचा) कोड आपला पोर्ट लॉक धरून बफरसाठी मेमरी मागतो आणि ती मागणी झोन लॉकपर्यंत पोचू शकते. मधल्या कड्या जोडल्या की वर्तुळ पूर्ण. प्रत्यक्षात हे जुळून यायला नशीब फारच फुटकं लागतं, त्यामुळे डम्पची वाट पाहणारा वर्षानुवर्षं पाहत बसेल. लॉकडेपला त्या कड्या वेगवेगळ्या वेळी दिसल्या तरी चालतात. गंमत म्हणजे अलोकेटर डीबग करायला लोक सर्वात आधी प्रिंटकेच घालतात, आणि नवी कडी स्वतःच तयार करतात. छपाई लॉक सोडल्यावर करा, नाहीतर ट्रेस बफरमध्ये लिहा.

फ्रीबीएसडीवर असाल तर विटनेस, म्हणजे तिथला लॉकचा क्रम तपासणारा. कल्पना तीच, स्वभाव वेगळा. उलट क्रम दिसला की तो ‘लॉक ऑर्डर रिव्हर्सल’ छापतो आणि पुढे चालू राहतो, त्यामुळे एका बूटमध्ये अनेक गुंते हाती लागतात. स्पिन लॉकांचा (न झोपता वाट पाहायला लावणाऱ्या लॉकांचा) क्रम त्याच्या कोडमध्येच यादी करून लिहिलेला असतो, तो वाचायलाही उपयोगी पडतो. झोपू न देणारा लॉक धरून एम_वेटओकेने (मेमरी मिळेपर्यंत थांबायची मुभा देणाऱ्या खुणेने) मेमरी मागितली तर तो स्पष्ट शब्दांत ओरडतो. लॉकडेपच्या एफएस_रिक्लेमसारखी रिक्लेमची साखळी आखून पाहण्याची सोय मला लिनक्सकडे अधिक सरस वाटते. पण दोघांतली निवड तुमच्या हातात कुठे असते! कर्नल ठरला की साधन ठरलं.

स्थिर तपासणीबद्दल थोडक्यात. स्पार्स या कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाच्या खुणा लॉक घेणं-सोडणं जुळतंय का एवढंच पाहतात. क्रमाबद्दल त्या मुक्या आहेत. नव्या कोडसाठी ठेवाव्यात, गुंता सोडवायला त्यांच्यावर विसंबू नये.

निवडताना एक मोह टाळा: इशारा आला की नेस्टेड खूण लावून तो गप्प करणं. एकाच वर्गाचे दोन लॉक ठरलेल्या क्रमाने घेतले जातात हे कोडमध्ये दाखवता येत असेल तरच ती खूण लावावी. स्लब या स्लॅब अलोकेटरचा लिस्ट_लॉक धरून पुन्हा अलोकेटरकडे जाणारी वाट दिसली, तर खूण लावण्याआधी ती मागणी लॉकच्या बाहेर काढता येते का ते पाहावं. मेमरी आधीच घेऊन ठेवणं किंवा काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) ढकलणं बहुतेक वेळा जमतं. प्रीएम्प्ट_आरटी (रिअल-टाइम कर्नल) चालवायचं असेल तर रॉ स्पिनलॉक (तिथेही झोपू न देणारा) धरून मेमरी मागणंच बंद करावं लागतं, कारण तिथे अलोकेटरचे साधे स्पिनलॉक झोपू शकतात. हा नियम मोडला जातोय का हे साध्या कर्नलवरही कॉन्फिग_प्रूव्ह_रॉ_लॉक_नेस्टिंग चालू करून तपासता येतं.