‘पेडलिंग’ वाचूनही मी पैसे भरले

मुलांच्या शिबिराच्या विम्यासाठी एका भामट्या एजंटला मी दिले २८,८८६ रुपये ४० पैसे. मुलं ३४, प्रत्येकी हप्ता ७२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२९ रुपये ६० पैसे. इतका चोख हिशेब मांडला, म्हणूनच मला तो माणूस खरा वाटला. पावतीवर जीएसटी क्रमांकच नव्हता, हे मात्र पाहिलं नाही. कर घेणारा क्रमांक देत नसेल तर तिथेच थांबा.

इंदूरच्या आमच्या वस्तीतल्या मुलांसाठी आम्ही महेश्वरला पाच दिवसांचं कयाकिंगचं, म्हणजे छोटी होडी वल्हवण्याचं, शिबिर ठरवलं होतं. २०२३ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमधली कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यातली होड्यांची शर्यत, तिथल्याच सहस्रधारेला झाली, तेव्हापासून मुलं मागे लागली होती. पालकांची अट एकच, विमा हवा. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, ते कोण विसरेल? विम्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

मी चौकशी केली नाही, असं आता काही जण म्हणतात. केली होती. एका कंपनीत सांगितलं, पाण्यातले खेळ घेत नाही. दुसरीकडे म्हणाले, वरून मंजुरी यायला तीन आठवडे लागतील. शिबिराला उरले होते आठ दिवस. तेवढ्यात ओळखीतून हा भेटला. आपल्यातलाच, मराठी बोलणारा, घरी येऊन चहा घेऊन गेला. “वहिनी, गट अपघात विमा आहे. मृत्यूला दोन लाख, इस्पितळाला पन्नास हजार. काळजी सोडा.”

त्याने पॉलिसीचा मसुदा मोबाइलवर पाठवला. खेळाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘पेडलिंग’. पॅडलिंग, म्हणजे वल्हवणं नव्हे, पेडलिंग, म्हणजे सायकल चालवणं! मला ते दिसलं. मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “टायपिंगची चूक आहे, नंतर एन्डोर्समेंट करून देतो.” म्हणजे पॉलिसीत दुरुस्तीची नोंद. आणि मी गप्प बसले. एका अक्षरासाठी कुठे ताणायचं, असं वाटलं. त्या क्षणाचा आजही संताप येतो. पॉलिसी अस्सल असती तरी त्या एका शब्दावर दावा अडकला असता. खेळाचं नाव आणि ‘पाण्यातील सरावासह’ हे शब्द छापील कागदावर आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पैसे यूपीआयने एका बाईच्या नावावर गेले. विचारलं तर म्हणाला, मार्चअखेरीमुळे कंपनीचं खातं अडकलंय. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता आधी कंपनीकडे पोचल्याशिवाय तिची जोखीम सुरूच होत नाही. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी एका तेरा वर्षांच्या मुलाचं वल्हं खडकात अडकलं आणि खांदा निखळला. हाडाचा तुकडा निघाला होता, शस्त्रक्रिया करावी लागली. बिल ६१,४०० रुपये. कंपनीच्या शाखेत प्रमाणपत्र दिलं. काउंटरवरच्या मुलीने क्रमांक घातला आणि म्हणाली, “मॅडम, ये हमारा नंबर ही नहीं है।” त्या मुलाची आई माझ्या शेजारी उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बिल मी भरलं.

त्यानंतर जे झालं, त्याने फसवणुकीपेक्षा जास्त जाळलं. शाखेने तक्रारच घेतली नाही, कारण पॉलिसी त्यांची नाही. अहो, तुमचं बोधचिन्ह छापून कोणी ३४ मुलांना लुबाडलं, तर त्याची चाड कोणाला हवी? ठाण्यात ऐकवलं, “पैसा आपने खुद भेजा है, सिविल मामला है।” सायबरवाल्यांनी सांगितलं, माणूस घरी आला होता ना, मग ठाण्यातच जा. पुन्हा ठाण्यात गेले, तर साहेब बंदोबस्तावर. चार खेपा झाल्या, एकदा तर दोन तास बाकावर बसवून कागद न वाचताच परत केले. बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, बँकेचं विवरण आणा. अर्जाची पोच अजूनही मिळालेली नाही.

पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी नऊ दिवसांनी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं. प्रत्येक विमा योजनेला यूआयएन, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. तो आयआरडीएआय या विमा नियामकाच्या संकेतस्थळावर शोधा, आणि पॉलिसी क्रमांक कंपनीच्याच अधिकृत फोनवर तपासा. एजंटने दिलेल्या ‘हेल्पलाइन’वर नव्हे, ती उचलणारा त्याचाच माणूस होता. हे सगळं बस सुटायच्या आधी करा.

गेल्या आठवड्यात एका पोहण्याच्या वर्गातल्या आईने मला कागद दाखवला. तोच मसुदा, तीच ७२० ची रक्कम. खेळाच्या रकान्यात अजूनही ‘पेडलिंग’च.